टॉवेलाखालचा भाव

बदलीचं पत्र आलं आणि जुनी चारचाकी आठ दिवसांत विकायची वेळ आली. तिची किंमत किती, हे कुणी धड सांगेना. शिरूरच्या गॅरेजवाल्यानं एक आकडा सांगितला, दौंडच्या एजंटानं त्याच्या निम्मा. दोघांवर माझा विश्वास नव्हता, आणि स्वतःवर तर त्याहून नव्हता.

सातव्या दिवशी न्हावऱ्याचे एक आप्पा गाडी बघायला घरी आले. त्यांचा सारा जन्म मेंढरांच्या व्यापारात गेलेला. त्यांनी बॉनेटसुद्धा उघडायला लावलं नाही. बाजारात चारचौघांना भाव कळू नये म्हणून करतात, तसा खांद्यावरचा टॉवेल माझ्या हातावर टाकला. घरात आम्ही दोघंच होतो, तरी. मग टॉवेलाखाली त्यांनी माझी चार बोटं दाबून धरली.

एक बोट म्हणजे दहा हजार, एवढं मला ऐकून माहीत होतं. चाळीस चांगले की कमी, ते ठरेना. आप्पा हात सोडेनात. माझ्या तळव्याला घाम फुटला. तेवढ्यात त्यांनी एक बोट सोडलं. दुसरंही सुटायच्या आत मी मान हलवून टाकली.

चहा पिताना मला रागच आला. विचारलं, "आप्पा, आधी चार बोटं धरली होती तुम्ही. एक का सोडलंत?"

"गाडी चारचीच हाय," ते बशीत चहा ओतत म्हणाले. "पन तुमच्या हाताला लई घाई व्हती."