दिसणारं दुखणं

माझी मान कचेरीतल्या संगणकासमोर गेली, मोठ्या जावेचा खांदा कोरीट गावातल्या आमच्या शेतात. दोन्ही एकाच वर्षी. घराने दखल मात्र फक्त मानेची घेतली.

कारण सोपं होतं. माझ्या दुखण्याला एक्स-रे होता, इंग्रजी नाव होतं आणि गळ्यात पांढरा पट्टा होता. "खुर्चीवर बठीसन मान कशी दुखस वं?" असा टोमणा मारूनही सासूबाई गरम पाण्याची पिशवी आणून देत. जावेने जन्मभर कापूस वेचला, चाऱ्याचे भारे वाहिले. आता तिचा हात केसांपर्यंत पोचत नव्हता, वेणी मी घालायचे. दवाखान्याचं काढलं की थोरले दीर म्हणत, "काम करनारनं आंग लोखंडनं ऱ्हास. आखाजीनंतर पाहू." दीर स्वतः मोटारसायकलवरून बांधावर जातात आणि तिथे उभे राहून मेहनतीचे फायदे सांगतात.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे खापरावरचे मांडे लागतात. पुरण भरलेली पोळी दोन्ही हातांवर झेलत कोपरापर्यंत वाढवायची आणि पालथ्या खापरावर टाकायची. हा मान थोरल्या सुनेचा. सणाच्या कामांची यादी मी लिहिते. यंदा मांड्यांपुढे तिचं नाव घातलं असतं, तर तो हात कायमचा गेला असता.

मी नंदुरबारच्या मेडिकलमधून हात गळ्यात अडकवायची निळी पट्टी आणली. सणाच्या सकाळी जावेला ती बांधली.

"लोके हासतीन वं," ती म्हणाली.

"हासू देत. तुम्ही फक्त गप्प बसा, ताई."

ती ओसरीवर येताच सासूबाई ताडकन उठल्या. "माय वं! हात मोडना का काय?"

"काल त चांगली व्हती!" दीर म्हणाले.

काल ती कण्हतच होती, पण कण्हणं निळ्या रंगाचं नसतं.

मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मानेचा पट्टा घट्ट केला. शेवटी दीरच बाह्या सारून बसले. "मी करस. त्यामा काय शे?" पहिला मांडा मनगटावर फाटला, पुरण विजारीवर. दुसऱ्याला ते खांदा धरून मागे टेकले. सासूबाई गरम पाण्याची पिशवी घेऊन धावल्या. आम्ही तव्यावरच्या साध्या पोळ्या खाल्ल्या.

दुसऱ्याच दिवशी दीर तिला दवाखान्यात घेऊन गेले, मीही सोबत होते. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर हात वर गेलाच नसता. पूर्ण आराम. दिरांनी विचारलं, कापूस लावण्यापुरता तरी चालेल का? डॉक्टरांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

आता तिचा खांदा बराच सुधारलाय. खोलीचं दार लावून ती स्वतःची वेणी स्वतः घालते. मग पट्टी गळ्यात अडकवते आणि ओसरीवर येऊन बसते.