बँडवाल्यांच्या सह्या

संस्थान विलीन झालं, मध्यभारत झाला आणि त्या धामधुमीत ग्वाल्हेरचा सरकारी बँड मोडला. माझा मोठा भाऊ त्यात क्लॅरिनेट वाजवायचा. छातीचं दुखणं घेऊन तो आधीच उज्जैनला घरी आला होता, त्यामुळे निरोपाच्या दिवशी तो तिथे नव्हता. मागाहून त्याचा ढोलवाला मित्र बँडचा एक फोटो घेऊन आला. खालच्या कोऱ्या पुठ्ठ्यावर सगळ्यांच्या सह्या होत्या. “सबने तेरे लिए दस्तखत किए हैं,” तो म्हणाला. दादाने फोटो खाटेसमोर टांगून घेतला. औषधापेक्षा त्याचाच गुण जास्त येतोय, असं वहिनी म्हणायची.

मी तेव्हा उज्जैनच्याच फ्रीगंजमधल्या एका बँकेत होतो. चेकवरची सही नमुन्याच्या सहीशी ताडून बघायची, हे माझं काम. अत्यंत कंटाळवाणं काम, पण नातेवाइकांत त्याचा भलताच दबदबा. मी सही बघून माणसाची कुंडली मांडतो, अशीच सगळ्यांची समजूत. मला त्याचा वैताग यायचा.

एका रविवारी दादाने फोटो उतरवून माझ्या हातात दिला. “तू दिवसभर हेच करतोस ना? मग देख जरा. कॉर्नेटवाल्याचं नि माझं कधी पटलं नाही. तो माझ्यासाठी सही करेल? पक्कं सांग. मन राखायला सांगू नकोस.”

ताडून बघायला नमुना लागतो, तो नाही, असं म्हणून मी सुटू शकलो असतो. पण इथे नमुन्याची गरजच नव्हती. प्रत्येक नावाची शिरोरेघ अक्षराच्या बरीच अलीकडून सुरू झाली होती आणि शेवटी जराशी खाली वाकली होती. सगळ्या सह्या एकाच हाताच्या होत्या. बँकेत असा कागद मी क्षणात परत केला असता.

“उजेडात बघतो,” म्हणून मी फोटो घेऊन बाहेर पडलो. ढोलवाला इथेच, फ्रीगंजच्या घड्याळाच्या टावरपाशी एका दुकानात कामाला लागला होता. मी फोटो पुढे धरला. तो माझ्याकडे बघेना.

“भैया, कोई रुका ही नहीं,” तो शेवटी म्हणाला. “जिसको जो गाड़ी मिली, निकल गया. किसी ने उसका नाम तक नहीं लिया. मैं खाली हाथ कैसे आता?”

मला त्याचा राग यायला हवा होता. आला नाही, म्हणून मी स्वतःवरच चिडलो. डॉक्टर आता वहिनीशी बोलायचं टाळून मला अंगणात नेऊन बोलत होते. ते काय सांगत होते, ते मला माहीत होतं. अशा माणसाला खरं काय सांगायचं?

घरी आलो तेव्हा दादा उशीला टेकून बसला होता. इतके दिवस त्याला कोणी असं बसलेलं पाहिलं नव्हतं. त्याची नजर माझ्या तोंडावर खिळली होती.

“खऱ्या आहेत,” मी म्हणालो. “सगळ्या.”

“कॉर्नेटवाल्याची पण?”

“त्याची पण.”

दादा खूप हसला. हसता हसता खोकल्याची उबळ आली, ती ओसरेपर्यंत मी त्याची पाठ धरून होतो. मग तो म्हणाला, “मग आता सगळ्यांना कार्डं टाक. मला एकदा भेटून जा म्हणावं. बोलावलं की येतील, बघ तू.”

कोण कुठे गेलं, याचा पत्ता कुणालाच नव्हता. तरी मी होकाराची मान हलवली.

“अगं,” त्याने वहिनीला हाक मारली, “एवढी माणसं येणार. आपले कप पुरायचे नाहीत.”

वहिनीने डोळे पुसले, पदर खोचला आणि शेजारी कप मागायला गेली. मी तिला थांबवू शकलो नाही.