उंटिणीखालची फरशी

पुण्यात घरोघरी गुळगुळीत फरश्या बसत होत्या तेव्हाची गोष्ट. थोरला मुलगा कॉम्प्युटरच्या कंपनीत लागला आणि विश्रांतवाडीतल्या आमच्या दोन खोल्यांतही पांढऱ्या टाइल्स आल्या. ओलं फडकं फिरवलं की काम संपलं. मला त्याचं भारी कौतुक वाटलं.

मी प्राणिसंग्रहालयात एका म्हाताऱ्या उंटिणीची देखभाल करायचो. बाभळीचा पाला, कडबा, भिजवलेले हरभरे, चाटायला मिठाचा खडा. सगळं खाऊन ती माझ्याकडे नावडत्या पाहुण्याकडे बघावं तशी बघायची. तिच्या निवाऱ्यात रेती होती. लेंड्या वेचा, ओली रेती काढा, कोरडी टाका, अख्खी सकाळ त्यातच जायची. मीच साहेबांकडे अर्ज केला, की शहाबादी फरशी घाला, स्वच्छता राहील. स्वच्छतेला पुण्यात नाही कोण म्हणणार? आठवड्यात फरशी बसली.

उंट बसतो तो छातीखालच्या घट्ट्यावर भार टाकून. हे मी वीस वर्षं रोज पाहत होतो, तरी डोक्यात आलं नाही. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती.

थंडी पडता पडता तो घट्टा फुटला. डॉक्टर जखम बघायला वाकले आणि वाकूनच विचारलं, "इथं फरशी कुणी सुचवली?"

"मी."

"फारच शहाणे आहात आपण."

मग सुईत औषध भरत म्हणाले, "खाली रेती हवी. आणि ही उठत राहिली पाहिजे. बसली ती बसलीच, तर काही खरं नाही."

आमच्याकडे गल्लोगल्ली बांधकामं चालू होती. मुकादमाला सांगून रेतीची पोती स्कूटरवर पायांशी ठेवून नेली. रेतीवर ती दोन दिवस उठली. तिसऱ्या दिवशी उठली नाही. आम्ही चौघांनी पोटाखाली पट्टे घालून ओढलं, तिनं पाय दुमडलेलेच ठेवले. हरभरे तोंडाशी धरले, ओठ हलला नाही. दुपारी ती गेली.

मला रडू आलं नाही. खरं सांगतो, काहीच वाटलं नाही. घरी येऊन जेवलो. बायकोनं विचारलं, "अहो, काय झालं?"

"काही नाही," म्हणालो.

सकाळी नेहमीच्या वेळेला गेलो. रेती काढली, पाणी मारलं. दहा मिनिटांत फरशी लख्ख झाली. उरलेली सकाळ मी तिच्यावरच बसून काढली.