हँडलखालचा पोचा

रफूकाकांनी चाळीस वर्षं कपड्यांची भोकं बुजवली. सिगारेटने जळलेले कोट, खिळ्याला अडकलेल्या शाली, उंदरांनी कुरतडलेल्या पँटी. काम झालं की ते कापड गिऱ्हाइकासमोर पसरत आणि विचारत, "सांगा बघू, कुठे होतं?" गिऱ्हाईक कापड उजेडात धरायचं, बोट फिरवायचं. जागा सापडलीच, तर काका अवाक्षर न काढता कापड परत घेत आणि सगळं उसवून पुन्हा करत. नाही सापडली, तर कानापासून कानापर्यंत हसत. त्या एका हसण्यासाठी हा माणूस दुकान चालवतो, असं त्यांची बायको म्हणे.

मग डोळ्यांनी दगा दिला आणि दुकान बंद झालं. उरली एक जुनी निळी गाडी. ती होती म्हणून बाजाराला, डॉक्टरकडे, बँकेत जायला काकांना कुणाची मनधरणी करावी लागत नव्हती. पण वर्षभरात गाडी एकदा फाटकाला भिडली, एकदा कुंडीला आणि एकदा शेजारच्या भिंतीला. भिंत आधी एवढी पुढे नव्हती, असं काकांचं म्हणणं. मुलीने गाडी गॅरेजातून नीट करून आणली आणि निक्षून सांगितलं, यापुढे एक जरी पोचा दिसला, तर किल्ली माझ्याकडे.

मुलगी दवाखान्यात एक्स-रे काढायची. हाडातली केसाएवढी चीर तिच्या नजरेतून सुटत नसे. दर शनिवारी ती यायची. आधी गाडीभोवती एक फेरी, मग आईबापांची चौकशी.

आणि बुधवारी औषधांच्या दुकानाबाहेर वळताना मागचं दार खांबाला टेकलं. खांबाला रबर गुंडाळलेलं होतं, म्हणून रंग वाचला. पत्रा मात्र आत गेला. हँडलखाली चार बोटांवर, बशीएवढा पोचा.

गॅरेजवाला मुलीच्या ओळखीचा. पाना हातात घ्यायच्या आधी त्याने फोन हातात घेतला असता. तेव्हा जे करायचं ते घरीच, आणि शनिवारच्या आत.

पहिला प्रयोग मोरी तुंबल्यावर वापरायच्या रबरी पंपाचा. काकांनी दारावर गरम पाणी ओतलं, पंप चिकटवला आणि पाय रोवून ओढला. पंप सुटला. काका मागच्या मागे बसले. पोचा होता तिथेच होता, वर त्याच्याभोवती मोरीच्या पंपाचं एक काळं कडं उमटलं. शेजारचे निवृत्त पोस्टमन कुंपणावरून बघत होते. गाडीची मोरी तुंबली का, असं त्यांनी अगदी मनापासून विचारलं.

गुरुवारी काकांनी डोकं चालवलं. भोक बुजवताना ते कधी मधून सुरुवात करत नसत. कडेने, गोल गोल, एकेक धागा घेत मध्याकडे यायचं. पत्र्यालाही हेच लागू असणार. त्यांनी दाराच्या आतलं आवरण खोललं. तीन स्क्रू निघाले, नऊ खुंट्या निघाल्या आणि दहावी तुटली. मग रफूच्या वेळी कापडाखाली धरायचा गुळगुळीत लाकडी गोळा त्यांनी स्वयंपाकघरातल्या डावाच्या दांड्याला घट्ट बांधला आणि तो आतून पत्र्याला लावून ते रेटायला लागले. जोर लावायचा नाही. नुसतं दाबायचं, सोडायचं, नखभर सरकायचं.

पण बाहेरून कळणार कसं? जाड चष्म्याला निळ्यावर निळं दिसेना. मग त्यांनी बायकोला पट्ट्यापट्ट्यांची चादर ताणून दारासमोर उभं केलं. रंगात चादरीचं प्रतिबिंब पडलं. जिथे पट्टी वाकडी, तिथे पोचा.

"अगं, हलू नकोस. पट्टी डुगडुगते."

"मीच डुगडुगतेय," बायको म्हणाली. "चाळीस वर्षांत दुकानात पाय ठेवू दिला नाहीत. आता चादर धरायला बरी आठवले."

दोन दुपारी ती चादर धरून उभी राहिली. पोस्टमननी वाळत घालायला दोरी आणून दिली, तीही मनापासून. शुक्रवारी संध्याकाळी एक पट्टी सरळ झाली, मग दुसरी. शेवटी वाटाण्याएवढा उंचवटा राहिला. तो काकांनी बाहेरून लाटण्याच्या टोकाने टिचकी मारावी तसा बसवला. चादरीवरच्या सगळ्या पट्ट्या दारात सरळ उभ्या राहिल्या. काकांनी बोट फिरवलं. डोळे मिटून पुन्हा फिरवलं. बोटालाही काही सांगता येईना.

शनिवारी मुलगी आली. फेरी मारली, मागच्या दारापाशी थबकली, पुढे गेली. छान ठेवलीत गाडी, म्हणाली, आणि पायरी चढायला लागली. बायकोने खिडकीतून सुटकेचा श्वास सोडला. किल्ली वाचली होती.

काका गाडीपाशीच उभे. ओठ मिटलेले. हात एकदा खिशात जाई, एकदा बाहेर येई. मुलगी दुसऱ्या पायरीवर पोचली. तिसऱ्या.

"सांग बघू," काका म्हणाले, "कुठे होता?"

खिडकीत बायकोने कपाळावर हात मारला.

मुलगी वळली. "काय कुठे होता?"

"पोचा."

ती खाली आली. पुढच्या दारावर बोट ठेवलं. काकांनी मान हलवली. मागच्या चाकावरची जागा दाखवली. नाही. तिने फोनचा दिवा लावला, तिरका धरला, दुसऱ्या बाजूने धरला. तोवर काका कानापासून कानापर्यंत हसत होते.

"बाबा, गप्प बसला असतात तर मला कळलंही नसतं."

"तेच तर," काका म्हणाले.

तिने फोनचा दिवा विझवला. मग हात पुढे केला. कबूल केलं होतं ते कबूल होतं. काकांनी शर्टाच्या टोकाने किल्ली पुसली आणि तिच्या तळहातावर ठेवली. त्या वेळी मात्र ते हसत नव्हते. जिन्याच्या कठड्याला धरून ते सावकाश वर गेले.

बायको बोलायचंच नाही असं ठरवून बसली होती. ते तिला पाच मिनिटं जमलं. मग, पोरगी अजून वर कशी आली नाही, म्हणून तिने खिडकीतून डोकावलं.

मुलगी गाडीशेजारी उकिडवी बसली होती. किल्ली दातांत धरून, दोन्ही हातांनी दार चाचपत.

"अहो, पोरीचे गुडघे दुखतील. सांगून टाका ना."

काका खिडकीशी आले, चष्मा पुसला आणि बराच वेळ खाली बघत राहिले.

"अजून पुढच्याच दाराशी आहे ती," ते म्हणाले. "चहा टाक. वेळ लागेल तिला."