प्रार्थनेत घेतलेलं नाव

घसा पुरता बसला तेव्हा मी आधी देवावरच रागावले. सोलापूरचा उन्हाळा, अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई, नळाला पाणी येईल त्या दिवशीची धावपळ. एवढं सगळं अंगावर असताना चर्चच्या मंडळीतल्या बायकांची प्रार्थनासभा मी कधी चुकवली नव्हती. कुणाच्याही घरी दुखणं असो, प्रार्थनेसाठी मलाच पुढं करायचे, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडायचं. डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्राला सूज आहे, काही आठवडे अजिबात बोलायचं नाही, कुजबुजायचंही नाही. प्रभू, तुझ्या सेवेत झिजणाऱ्या बाईचाच आवाज तुला घ्यायचा होता का, असं मी मनातल्या मनात विचारलं. भांडायलासुद्धा अंगात जीव उरला नव्हता.

त्याच्या थोडेच दिवस आधी माझी धाकटी नणंद मार्था माझ्या स्वयंपाकघरात बसून रडली होती. तिची लेक नवऱ्याचं घर सोडून आली होती. कुणाला सांगू नका, असं तिनं मला पुन्हा पुन्हा बजावलं. मी कुणाला सांगितलं नाही. पुढच्या सभेत फक्त देवाला सांगितलं, मोठ्यानं, पोरीचं नाव घेऊन, सगळ्या बायकांसमोर. आमच्यात ही एक सोय आहे, जे बोलायला नको ते डोळे मिटून बोललं की त्याची प्रार्थना होते. सगळ्यांनी आमेन म्हटलं. डोळे उघडले तर मार्थाची जागा रिकामी होती. त्यानंतर तिनं माझा फोन उचलला नाही, रविवारी उपासनेला येणंही सोडलं. मी आपली म्हणत राहिले, मी तर भल्यासाठीच केलं.

आवाज नसतानाही मी सभेला गेले, सवय सुटेना. मैंदर्गीकडच्या एक म्हाताऱ्या आक्का आमच्यात येतात, मनानं अगदी निर्मळ. त्यांनी माझ्यासाठी प्रार्थना सुरू केली. "बापा, ह्या लेकीचा घसा बरा कर. आन् हिचं नि नणंदेचं बोलणं बंद हाय की, ते बी बघ. हिच्या तोंडातनं पोरीची गोष्ट भाईर पडली, लई वाईट झालं. हिला माफ कर." माझे कान तापले. ओरडून सांगावंसं वाटत होतं की असं नव्हतं, माझा हेतू चांगला होता. घशातून साधा हुंकार निघेना. आणि सगळ्या बायकांनी आमेन म्हटलं. मार्थाला त्या दिवशी काय झालं असेल ते मला तेव्हा कळलं. मी पदरात तोंड घालून खूप रडले. कुणीतरी पाठीवरून हात फिरवत होतं, त्याचीही लाज वाटत होती.

तिथून उठले ती रिक्षा करून सरळ मार्थाच्या घरी. वाटेत मनात सगळी वाक्यं जुळवत होते. घसा फुटला तरी चालेल, पण माझी बाजू मांडायचीच. तिनं दार उघडलं, मागं भाची उभी होती, पार उतरलेली. मी तोंड उघडलं आणि काहीच आलं नाही. मग मी दोघींपुढं हात जोडले. जमलं ते एवढंच.

मार्था म्हणाली, "वैनी, तुमाला बोलता येत न्हाय तेच बरं झालं. एक शब्द जरी बोलला असता तर मी दार लावून घेतलं असतं." आणि ती दारातून बाजूला झाली. भाचीनं माझ्याकडं पाहिलं नाही, पण पाणी आणून दिलं.

घसा आता सुधारला आहे. भाचीचं काय होईल ते अजून ठरत नाही, मार्थाही सभेला येत नाही, मीच अधूनमधून तिच्याकडं जाऊन बसते. प्रभूनं मला शिक्षा केली असं मी म्हणत होते, आणि केलीच त्यानं. पण माझा आवाज शाबूत असता तर त्या दारात मी पुन्हा स्वतःलाच वाचवलं असतं, आणि नणंद कायमची गमावली असती. हे त्याला माझ्याआधी ठाऊक होतं. त्याचे उपकार मानते. दमलेली मी अजूनही आहे. पण हल्ली प्रार्थनेला बसले की आधी गप्प बसते, आणि त्याला काय करायचं ते करू देते.