ताईची उरलेली किडनी

माझी ताई लोकांना गाडी चालवायला शिकवते. ती शेजारच्या सीटवर बसते, पायाशी जादा ब्रेक असतो, आणि तोंडाचा पट्टा पहिल्या गिअरपासून सुरू होतो. मलाही तिनेच शिकवलं. मी गाडी फाटकावर घातली तेव्हा फाटकाची काही चूक नव्हती, एवढंच ती म्हणाली.

काही वर्षांपूर्वी माझ्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. घरातले एकमेकांची तोंडं बघत बसले. ताई मात्र कुणाला न विचारता तपासण्या करून आली, जुळतंय म्हणाली आणि मला रडगाणं बंद करायला सांगितलं. तिची एक किडनी माझ्या पोटात आली. तेव्हापासून मी जेवलो, हसलो, भांडलो, ते सगळं तिच्या जिवावर. हे उपकार फेडायला सात जन्म पुरायचे नाहीत, आणि सात जन्म तिची बोलणी खायची माझी तयारीही नाही.

आणि यंदा तिच्या उरलेल्या किडनीत गाठ निघाली. कॅन्सरची. अख्खी किडनी काढावी लागली तर ताईच्या नशिबी डायलिसिस. मी ते भोगलंय, वैऱ्यावरही ती वेळ येऊ नये.

न राहवून मी ताईचं ऑपरेशन करणाऱ्या सर्जनबाईंना गुपचूप भेटलो. ताईची किडनी तिला परत देता येईल का, असं विचारलं. त्या हसल्या नाहीत, याबद्दल मी त्यांचा जन्माचा ऋणी आहे. तसं करता येत नाही, म्हणाल्या, आणि मला बसवून नीट समजावलं. ऑपरेशन सर्जनबाई रोबोटच्या हातांनी करणार होत्या. ते हात बारीक आणि स्थिर, पण आपल्या बोटांसारखं मऊ-कडक त्यांना कळत नाही. म्हणून सोबत एक बारीक नळी आत जाते. ती मांसावर उजेड टाकते आणि परत आलेला उजेड तपासते. निरोगी भागावरून तो एका तऱ्हेने परततो, गाठीवरून दुसऱ्या. दुकानातलं कापड आपण उन्हात नेऊन बघतो, तसलाच प्रकार. पद्धत नवी होती, अजून अभ्यास चालू होता. आधीच्या कितीतरी पेशंटनी स्वतःचा काडीचा फायदा नसताना तो उजेड आपल्यावर टाकू दिला, म्हणून यंत्राला फरक कळायला लागला. त्या अनोळखी माणसांना मी आजही मनोमन हात जोडतो.

पुढे सर्जनबाईंनी ताईलाही हे सांगितलं तेव्हा तिने विचारलं, म्हणजे या यंत्राचं अजून शिकाऊ लायसन्स आहे तर? त्या म्हणाल्या, हो, पण ब्रेकवर पाय माझा आहे. ताईने लगेच संमतीच्या कागदावर सही केली. माझी गुपचूप भेट मात्र तिला कळली, आणि तिने माझ्याशी बोलणंच टाकलं. ताई गप्प, म्हणजे प्रकरण गंभीर.

ऑपरेशनच्या दिवशी मी बाहेरच्या बाकावर नखं खात बसलो. गाठ काढताना किडनीचं रक्त थोडा वेळ अडवावं लागतं. फार वेळ अडवलं तर उरलेला भागही हातचा जातो, त्यामुळे तुकडा लॅबला पाठवून उत्तराची वाट बघायला सवड नसते. सर्जनबाईंनी नंतर सांगितलं, की मोठ्या रक्तवाहिनीलगतचा एक भाग त्यांना संशयाचा वाटला होता. तो कापला असता तर किडनी गेलीच असती. उजेडाने पुन्हा पुन्हा निरोगी दाखवला, त्यांनी नीट निरखलं आणि हात आवरला. उलट दुसऱ्या कडेला, जिथे सगळं ठीक दिसत होतं, तिथे उजेडाने हटकलं. तिथली एक पातळ चकती जास्तीची काढली.

लॅबचा रिपोर्ट आला तेव्हा ताई उशीला टेकून बसली होती. काढलेल्या तुकड्याच्या कडा स्वच्छ होत्या, म्हणजे गाठीचं काही आत राहिलं नव्हतं. निम्म्याहून जास्त किडनी शिल्लक होती आणि कामाला लागली होती. डायलिसिस टळलं. वाचून दाखवता दाखवता मी नर्ससमोर ढसाढसा रडलो.

ताईने मला मनसोक्त रडू दिलं. मग हात लांब करून माझ्या पोटावर ठेवला, तिची किडनी आहे तिथे.

"ही तुझी आहे," ती म्हणाली. "पुन्हा परत द्यायला निघालास, तर बघ."