गजाभाऊंचा आपोआप कॅमेरा

गजाभाऊ फोटोग्राफर नवरीशी पहिलं वाक्य बोलायचे ते असं: "हनुवटी खाली, बाय. अजून खाली. हां, आता कमी वाईट दिसतेस." नवरी रडवेली व्हायची, करवल्या फिदीफिदी हसायच्या आणि नेमका तेव्हाच भाऊंचा फ्लॅश उडायचा. तरी लोक त्यांनाच बोलवायचे, कारण त्यांच्या फोटोत नथीचा एकेक मोती मोजता यायचा.

मी वसई गावातल्या बाजारात एका कलर लॅबमध्ये प्रिंटिंगला होते. भाऊंचे रोल माझ्याच हातून जायचे. त्यामुळे त्यांची नजर चालली आहे हे त्यांच्या बायकोच्याही आधी मला कळलं. नथीतले मोती दिसेनासे झाले होते. मग दुबईच्या भाच्यानं त्यांना ऑटोफोकस कॅमेरा आणून दिला. अगदी सुरुवातीच्या काळातला, विटेसारखा जड, सोबत एक आखूड लेन्स आणि एक लांब. बटण अर्धं दाबलं की लेन्स घर्र करत पुढेमागे फिरायची आणि माणूस सापडला की थांबायची. भाऊ त्याला 'आपोआप' म्हणत. हे आपोआप बंद करून लेन्स हातानं फिरवायचा एक स्विच होता; तो चुकून सरकू नये म्हणून भाच्यानं त्यावर चिकटपट्टी लावून दिली होती. लग्नात बेंजोच्या गोंगाटात मोटर ऐकू येत नसे, म्हणून भाऊ डाव्या हाताची बोटं लेन्सवर टेकवून ठेवत. "डोळे काय, म्हशीलाही असतात," ते म्हणायचे. "फोटो हातानं काढायचा असतो." लोक माना डोलवायचे. खरं काय ते मला माहीत होतं आणि मी कुणाला बोलले नव्हते. इतपत मीही चांगली होते.

त्या दिवसांत घरी माझ्या लग्नाचं बघत होते. दाखवायचा फोटो भाऊंनी लॅबमध्येच काढायला घेतला. मागे पांढरी भिंत, माझी साडी फिकट. असं सगळं सपाट असलं की त्या कॅमेऱ्याला धरायला काही मिळत नाही, लेन्स नुसती घरघरत राहते. भाऊंनी कॅमेरा खाली घेतला आणि दुकानातल्या गिऱ्हाइकांना म्हणाले, "बघा, मशीनसुद्धा हिच्यावर ठरत नाही. मुलगा कसा ठरणार?" सगळे हसले. आमच्या नालासोपाऱ्याच्या बिल्डिंगमधली एक बाई त्यांत होती, त्यामुळे संध्याकाळपर्यंत आमचा जिनाही हसला. मीही दात दाखवले. पण तो राग काही गिळला गेला नाही.

पंधरा दिवसांनी भाऊ समुद्रकाठच्या कळंब गावात एका लग्नाला निघाले होते. रोल घ्यायला आले आणि कॅमेरा काउंटरवर ठेवून समोर चहाला गेले. मी चिकटपट्टी उचलली, स्विच सरकवला, लेन्स हातानं फिरवून अगदी जवळच्या अंतरावर आणून ठेवली आणि पट्टी होती तशी दाबली.

तीन रोल धुतले. नवरा, नवरी, मांडव, पाहुणे, सगळं धुकं. बोटांखाली लेन्स फिरत नाही हे भाऊंना पहिल्याच फोटोला कळलं असणार. पण ते सांगायचं म्हणजे डोळे गेल्याचं सांगायचं. ते शेवटपर्यंत फ्लॅश उडवत राहिले. मला मजा वाटली, खोटं कशाला सांगू?

महिन्याभरात त्या नवरीचे वडील अचानक गेले. ती लॅबमध्ये आली तेव्हा भाऊ बाकावर बसलेले होते. तिनं सगळे फोटो काउंटरवर पसरले आणि मला विचारलं, "ताई, फ्रेम करायचीय. यात माझे बाबा कोनते?"

मला ओळखता येईना. माझ्या तोंडातून भलतंच निघालं. मी सगळ्यांसमोर मोठ्यानं म्हटलं, "भाऊंना दिसत नाही आता. लपवतात ते."

भाऊ चिडतील असं वाटलं होतं. ते उठून उभे राहिले. "खरंय, बाय. माझीच चूक झाली."

ती फोटो उलटत राहिली आणि एकावर थांबली. कुणीतरी कॅमेऱ्यापुढे सरबताचा ग्लास धरला होता. मागे धुकं, पण हात लख्ख. मासेमारीच्या जाळ्यानं कापलेला अंगठा, नखांत हळद. "हा बाबांचा हात," ती म्हणाली. "फोटोवाल्याला कोनी पानी विचारलं का, असं सारखे बोलत होते. हाच मोठा करून द्या."

मी मोठा करून दिला. कळंबच्या त्या घरात त्या हाताला हार घातलेला आहे.

भाऊंनी त्यानंतर कॅमेरा धरला नाही. लॅबच्या मालकाला त्यांनी काही सांगितलं नाही. माझी नोकरी टिकली, लग्नही झालं. मला वाटायचं, त्यांना कळलंच नसेल. गेल्या वर्षी ते अंथरुणाला खिळल्याचं ऐकलं आणि मी भेटायला गेले. त्यांना आता उजेडसुद्धा कळत नव्हता, पण माझा आवाज त्यांनी ओळखला. खोलीत आम्ही दोघंच होतो. मी हिय्या केला.

"भाऊ, त्या कळंबच्या लग्नाच्या वेळी... तो स्विच माझ्या हातून चुकून सरकला होता."

ते म्हणाले, "दुरुस्तीवाल्यानं मला तेव्हाच दाखवलं होतं. स्विच चुकून सरकतो, बाय. लेन्स चुकून जवळ येत नाही."

आणि त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. आठ दिवसांनी ते गेले.